नावाच्या आधीचं अक्षर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते एक जातं उलथं करण्याचं. जातं ठकूबाई धनगरणीचं. ही पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातली बाई. मेंढरं घेऊन दरसाल आमच्या माळावर उतरायची, आणि उतरली की आधी जातं आणून सगुणेपुढं टाकायची. मी वरची तळी उचलून भिंतीला लावली. खालची तळी सगुणेनं दोन्ही पायांत धरली आणि टाकी-हातोडी घेऊन बसली. टक टक टक. मी पलीकडं एका पाट्याची कड घासत होतो. दिवस मावळायला निम्मी तळी झाली. तिनं दगडावर हात फिरवला, फुंकर मारली आणि म्हणाली, "ऱ्हायलेलं सकाळच्याला. आता टाकी दिसंना, बोटावर बसतीया."

"कंदील आणू का?" मी म्हटलं.

"आणताय कशाला? दगुड काय पळून चाललाय व्हय?"

दगड पळाला नाही. तीच गेली. पहाटे चुलीपाशी आवाज नाही म्हणून हाक मारली, मग हलवलं, तर अंग गार. स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. त्याच दिवशी दुपारी तिची माती झाली.

मी शिकलेला माणूस नाही. बिगरीतच शाळा सुटली. अक्षरं आली ती दगडावर. गावातले मास्तर खडूनं नाव काढून द्यायचे आणि मी त्यावरनं छिन्नी चालवायचो. असं दहा-बारा वर्षं केल्यावर एक दिवस कळलं की आपल्याला वाचता येतं. म्हणून माझं लिहिणं हे असं, एकेक अक्षर ठोकल्यासारखं. पण सगुणेबद्दल दुसरं कोण लिहिणार? तिला ओळखणाऱ्या बायांना लिहिता येत नाही, आणि लिहिता येणाऱ्यांनी तिच्या टाकीची नुसती भाकरी खाल्ली.

आम्ही पाथरवट. मी पाटे, उखळ, उंबरे, डोणी घडवायचो. कुणी मेला आणि घरच्यांची ऐपत असली की त्याच्या नावाचा दगड करायचो. सगुणा गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावायची. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की दाणा नुसता फिरतो, फुटत नाही. मग त्याच्या अंगावर बारीक बारीक टोचे मारून त्याला पुन्हा खरबरीत करायचं, ती टाकी. बाकीच्या बाया गल्लीत शिरल्या की "टाकीऽऽ जात्याला टाकीऽऽ" असं ओरडत. सगुणा ओरडायची, "कुनाचा हात दुखतुया गं?" एवढंच. उंब्रजपासून कुंडलपर्यंत ती चालत जाऊन यायची, आणि कुठल्या गावात कुठल्या घरची सून सकाळी किती दळते हे तिला पाठ होतं. घरं तिला माणसांवरनं आठवत नव्हती, जात्यांवरनं आठवायची. "त्या रडक्या जात्याच्या घरात पोरगी झाली म्हनं," असं सांगायची. मला आपलं विचारायला लागायचं, रडकं जातं म्हणजे कुणाचं.

टाकी लावून झाली की ती जातं जोडून दोन मुठी जोंधळा दळायची. पहिलं पीठ टाकून द्यायची, कारण त्यात दगडाचा चुरा असतो. दुसरं पीठ चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटून दातांनी बघायची. कचकच लागली तर जातं पुन्हा उचकटायचं, मग दिवस मावळेना का. एकदा एक बाई म्हणाली, "आगं असूं दे, एवढ्यातेवढ्यानं काय हुतंय?" सगुणा म्हणाली, "तुमच्या दातांस्नी न्हाई व्हनार. तुमच्या नातवाचं दात अजून यायचं हाईत."

तरणी असताना एकदा कपची उडून तिच्या डाव्या डोळ्यात गेली होती. डोळा वाचला, पण तेव्हापासनं त्यातनं पाणी गळायचं थांबलं नाही. नवीन घरी गेली की बाया हळहळायच्या, बाई रडतीय म्हणून. ती म्हणायची, "ह्या डोळ्याचं मनावर घिऊ नगा. त्यो फुकट रडतुया."

तिला एकच अक्षर वाचता यायचं. कै.

त्याचं असं झालं. मेलेल्याच्या दगडावर नावाच्या आधी 'कै.' असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी असे दगड घरापुढंच करायचो, त्यामुळं नावं बदलली तरी हे अक्षर तिला रोज दिसायचं. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी ती एकदा म्हणाली, "आवं, ह्ये कै ज्येच्या त्येच्या नावाला का लावत्यात?"

"तुला काय वाटतं?" मी म्हटलं.

"मला वाटतं, देव इचारत आसंल. कै तुकाराम? काय करून आलास? कै भागीरथी? तू काय केलंस?"

आमच्याकडं 'काय' घाईनं बोललं की 'कै'च ऐकू येतं. मी इतका हसलो की छिन्नी हातातनं पडली. मग तिला मास्तरांनी सांगितलेलं सांगितलं, की ते 'कैलासवासी'चं आहे. माणूस मेला, कैलासाला गेला.

"समदीच जात्यात?"

"ज्येचा दगड करत्यात ती जात्यात."

तिनं जरा विचार केला. "मंग कैलासात नुसती दगुड परवडनारीच मानसं. आन् दगुड करनारा तेवढा भाईर." मग पुन्हा टाकी उचलत म्हणाली, "माजंच बरं हाय."

तेव्हापासनं तो आमच्या घरातला शब्द झाला. मी बाजारातनं आलो की ती चुलीपुढनं विचारायची, "कै?" म्हणजे काय झालं, काय आणलं, कुणाशी भांडून आलात, सगळं त्यात आलं. मी म्हणायचो, "कै न्हाई." चाळीस वर्षं असं चाललं.

आता आगीचं सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांची नातवंडं अजून तिथं नांदतायत.

जर्मनची लढाई सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. आमची दहा-अकरा खोपटी गावाच्या कडेला, खाणीजवळ होती. शेजारी बापूरावाचा उसाचा मळा. बापूराव गावातला मोठा बागाईतदार. त्याला आमच्या खोपटांची जागा हवी होती. दोनदा सांगून बघितलं, आम्ही हललो नाही. मग एका दुपारी, आम्ही गडी खाणीत आणि बाया टाकीला गेलेल्या असताना, त्यानं माणसं पाठवून खोपटी पेटवली. जळून कुणी मेलं नाही. आमची नात चिमी तापानं फणफणली होती. तिला शेजारच्या म्हातारीनं उचलून बाहेर काढलं. चिमी आमच्या लेकीची पोर. लेक बाळंतपणात गेली तेव्हापासनं तिला सगुणेनंच वाढवलं. चार वर्षांची होती. सगुणेच्या हातोडीला 'माजी टकटक' म्हणायची.

आम्ही वर माळावर गेलो. अंगावर घालायला नाही, आडोसा नाही, वारं सुटलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चिमी गेली.

आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी गावात उंदीर पडायला लागले. प्लेग. बापूरावाच्या वाड्यापासून आमच्या जुन्या जागेपर्यंत सगळीकडं उंदीर. गावात घराआड माणूस गेलं. बापूरावाची बायको गेली. गाव उठून रानात खोपटी करून राहिलं तेव्हा कुठं थांबलं. माळावर मात्र आमच्यातलं एक माणूस दगावलं नाही.

मग लोक बोलायला लागले. आधी हळू, मग चावडीवर. देवानंच बापूरावाच्या हातनं आग लावली म्हणे. पाथरवट वाचायचे होते. एक दिवस शिंपी मला म्हणाला, "बापूरावाच्या पाया पड गड्या. त्येनं पेटवलं म्हनून तू जित्ता हाईस."

मी म्हणालो, "आसं का? मंग आज तुजं घर पेटवतो. तू बी शंभर वर्सं जग."

पण घरी येऊन मी सगुणेला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. मला वाटलं ती चिडेल, रडेल. ती नुसती म्हणाली, "देवाला चिमी नकु हुती व्हय? धा घरं वाचवाय एक पोर लागतीया, आसा कसला देव म्हनायचा?" आणि दाणे पाखडायला बसली. डावा डोळा गळत होता, तो रोजच गळायचा. उजवा कोरडा होता. चिमीला माती देतानाही कोरडाच होता. मला त्याची भीती वाटायची.

लढाई संपत आली तेव्हा बापूरावाला कसलासा आजार झाला. अंथरुणाला खिळला. आणि एक दिवस सगुणा त्याच्या वाड्यावरनं टाकी लावून आली. मला हे कळलं तेव्हा मी ताटावरनं उठलो.

"त्येच्या घरला गेलीस?"

"जात्याला गेली. सुनंच्या हाताला फोड आल्यात. सा म्हैनं कोन फिरकलं न्हाई म्हनं टाकीला."

"मरू दे की!"

"सुनंनं काय केलंय?"

मग तिनं सांगितलं. बापूराव सोप्यात खाटेवर पडला होता, ही समोर जात्याला टाकी लावत होती. त्यानं पाठीला उशी लावून घेतली आणि सुनेला आत जायला सांगितलं.

"सगुणा," तो म्हणाला, "समदं गाव म्हनतंय, देवानं माज्या हातनं तुमास्नी वाचवलं. तुला काय वाटतं?"

ही म्हणाली, "बापूराव, देव तुमाला म्हनाला हुता का, आग लाव म्हनून?"

तो म्हणाला, "न्हाई."

"मंग तुमी कशापायी लावली?"

"जागा पायजे हुती."

"ती तुमची आग झाली. आमी वाचलो ते देवानं वाचवलं आसंल, न्हाई तर वाऱ्यानं. ज्येनं वाचवलं त्येच्या मी पाया पडंन. तुमच्या न्हाई. तुमचं हाय तेवढं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, दुसऱ्याच्या अंगावर टाकू नगा."

"मला वर जागा मिळंल का गं?"

"मी काय तितल्या दारावर बसलीया?" ती म्हणाली. "पन इचारलं तर खरं सांगा. जागा पायजे हुती म्हनून सांगा. गावानं शिकवलंय ते सांगू नगा."

तो रडायला लागला. हिच्या डोळ्यातनंही पाणी येत होतं, ते बघून त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं हात जोडले. ही म्हणाली, "ह्या डोळ्याचं मनावर घिऊ नगा, बापूराव. त्यो फुकट रडतुया." मग दळून बघितलं, पीठ चाखलं आणि उठली.

महिन्याभरानं बापूराव वारला. तेराव्याला त्याच्या मुलानं, दिनकररावानं, मारुतीच्या देवळात दुपारचं कीर्तन ठेवलं. बुवा कराडकडनं आणलेले. गोड गळा, माणूस सज्जन. त्यांना कुणीतरी आगीची गोष्ट सांगितली असणार. कीर्तनात ते म्हणाले, "देवाची लीला आपल्याला कळत नाही. जात्याला घाव घालतात तेव्हा जात्याला वाटतं, मला का मारता? पण त्या घावाशिवाय पीठ पडत नाही. देवसुद्धा कधी वाईट माणसाच्या हातात टाकी देतो."

माणसांनी माना डोलावल्या. बाया देवळाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. तिथनं सगुणेचा आवाज आला. मोठा नाही, नेहमीचा.

"बुवा, इचारू का?"

"विचारा बाई."

"तुमी टाकी लावलीया का कवा?"

लोक हसले. बुवाही हसले. "नाही बाई."

"मी चाळीस वर्सं लावतीया. टाकी जातं फोडाय न्हाई लावत. हळू लावत्यात. आन् एखांदं फुटलंच, तर माजा हात चुकला म्हनती मी. जात्याचं बरं झालं म्हनत न्हाई. देवाचा हात तर चुकत न्हाई म्हनताय तुमी. मंग फुटलेलं कुनाच्या हातचं?"

दिनकरराव उठायला लागला तर बुवांनी हातानं त्याला खाली बसवलं. टाळ मांडीवर ठेवले. म्हणाले, "बाई, याला माझ्यापाशी उत्तर नाही. आणि मी जात्याचं बोलायला नको होतं." मग त्यांनी अभंग धरला. कीर्तन संपल्यावर त्यांनी स्वतः येऊन सगुणेच्या हातावर प्रसाद ठेवला. ती वाटेनं मला म्हणाली, "बुवा खरा मानूस हाय. उत्तर येत न्हाई म्हनाला."

मग आला तो दगड. दिनकररावाला बापाच्या नावानं विहिरीपाशी जनावरांसाठी डोण बसवायची होती. त्या भागात डोण करणारा मीच. नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण जनावरांचं पाणी म्हटल्यावर तोंड उघडलं नाही. डोण केली. दर्शनी बाजूला मास्तरांनी खडूनं ओळ काढून दिली: कै. बापूराव यांचे स्मरणार्थ. मी 'बापूराव' कोरलं, पुढचं सगळं कोरलं. 'कै.' पुसून टाकलं. ती जागा मोकळी सोडली, हाताच्या बोटभर.

दिनकरराव बघायला आला. त्याला ते लगेच दिसलं. "म्हाताऱ्या, अक्षर ऱ्हायलं."

"ऱ्हायलं न्हाई. सोडलंय. तुज्या बापाला कैलास माज्या छिन्नीनं मिळनार न्हाई."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं शिव्या देईल, मी तयार होतो. पण तो तरणा माणूस खाली बसला आणि म्हणाला, "आबा, माजी आई प्लेगनं गेली. बाप असा गेला. त्याच्या नावाला कै न्हाई लावलं तर लोक काय समजतील?" आणि उठून निघून गेला.

सगुणा संध्याकाळी टाकीवरनं आली. दर दगडावर हात फिरवायची तिला सवय होती, तसा डोणीवर फिरवला. बोटं मोकळ्या जागेवर थांबली.

"हितं काय ऱ्हायलं?"

"कै."

"का?"

"त्यो कैलासाला जानार न्हाई. चिमीला मारलंय त्येनं."

ती डोणीच्या कडेला बसली. "कोन कुठं जानार ते तुमी ठरवताय व्हय? छिन्नी हातात आली म्हनून?"

"तूच सांगितलंस त्येला, तुजं तुज्यापाशी ऱ्हाऊ दे."

"व्हय. मंग काढा की ते."

"काय काढा?"

"कै." ती म्हणाली. "मला पयल्यापास्नं ठावं हाय, ते इचारनं हाय. तुमचा मास्तर कायबी म्हनू दे. तितं गेल्यावर आमच्या चिमीनं त्येच्यापुढं हुबं ऱ्हाऊन इचारलं पायजे, कै बापूराव? आन् त्येनं सांगितलं पायजे. तुमी इचारनंच पुसून टाकलं, तर त्यो न सांगताच सुटला की वो!"

मी छिन्नी घेतली आणि बसलो. आयुष्यात इतकं खोल अक्षर मी कोरलं नाही. ती शेजारी बसून होती. मात्रा काढताना मी एकदा वर बघितलं, तर तिचा उजवा डोळा गळत होता. डाव्यापेक्षा जास्त. तिनं तो पदरानं पुसला नाही.

डोण अजून आहे. जनावरं पाणी पितात. दिनकरराव येता-जाता मला हात जोडतो. त्याला वाटतं मी त्याच्या बापाला माफ केलं. मी सांगत बसत नाही.

सगुणेच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. चुलीपुढनं कुणी काही विचारलं नाही. अंगणात ठकूबाई येऊन बसली होती. तिची मेंढरं निघाली होती, पुढच्या मुक्कामाला जायचं होतं. पण जातं मागायला तिची जीभ उचलेना.

मी म्हटलं, "बस बाई. निम्मं ऱ्हायलंय."

खालची तळी पायांत धरली. अर्ध्या भागावर तिचे टोचे, सगळे एका मापाचे, ओळीत. तिचीच टाकी घेतली. मला जात्याच्या टाकीची सवय नाही, माझा हात जड. दोन तास लागले. मग तळी पालथी केली. ठकूबाईला म्हटलं, "खालच्या अंगाला एक नाव घालतो. जमिनीकडं ऱ्हाईल, कुनाला दिसनार न्हाई."

"घाला की दादा," ती म्हणाली. "तिचंच घाला."

सगुणा असं कोरलं. दुसऱ्यांच्या दगडावर मी ते अक्षर नावाच्या आधी कोरत आलो. हिच्या नावाच्या पुढं कोरलं. सगुणा, कै. हिला कोण काय विचारणार? विचारायचं तिलाच आहे, आणि ती विचारल्याशिवाय राहायची नाही.

जातं जोडलं. ठकूबाईनं दोन मुठी जोंधळा घातला आणि खुंटा फिरवला. पहिलं पीठ टाकून दिलं. दुसरं चिमूटभर घेऊन मी जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

दातांखाली कचकन आलं. माझ्याच अर्ध्यातलं असणार.

ठकूबाईला म्हटलं, जरा थांब. जातं उचकटलं आणि पुन्हा टाकी घेऊन बसलो.